मेंदूला बसलेला मुका मार

३१ जानेवारी २०२५ची रात्र. पुण्याजवळच्या गहुंजे मैदानावर भारत-इंग्लंड चौथा टी-ट्वेंटी सामना. शिवम दुबेने ३४ चेंडूंत ५३ धावा कुटल्या आणि शेवटच्या षटकात जेमी ओव्हरटनचा उसळलेला चेंडू त्याच्या हेल्मेटवर आदळला. त्यानंतरही तो खेळत राहिला. इंग्लंडची बॅटिंग सुरू झाल्यावर मात्र बातमी आली की दुबेला कन्कशन, म्हणजे धक्क्याने मेंदूला इजा, झालंय आणि त्याच्या जागी हर्षित राणा उतरतोय. राणाने तीन बळी घेतले, भारत १५ धावांनी जिंकला आणि वादाला तोंड फुटलं.

त्यातला एक वाद रास्त होता. बॅटिंग करणाऱ्या अष्टपैलूच्या जागी अस्सल वेगवान गोलंदाज कसा काय चालतो, असं इंग्लंडचा कर्णधार जोस बटलर विचारत होता. आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पेटलेला वाद वेगळाच होता. "डोक्याला एवढं लागलं होतं तर पुढे खेळला कसा? सगळं नाटक." त्याखाली अंगठ्यांची रांग. त्या रांगेत एक अंगठा माझाही होता.

त्याच वर्षी दिवाळीनंतर माझ्या भाच्याच्या डोक्याला सीझन बॉल लागला आणि तो अंगठा मला मनातल्या मनात मागे घ्यावा लागला.

भाचा आठवीत. चौदा वर्षांखालच्या मुलांची मॅच, मी बाउंड्रीबाहेर प्लास्टिकच्या खुर्चीवर. तो पुल मारायला गेला, फटका हुकला आणि चेंडू हेल्मेटवर, कानाच्या जरा वर लागला. पडला नाही. हेल्मेट काढलं, पुन्हा घातलं, हात वर करून ठीक असल्याची खूण केली, आणखी चार चेंडू खेळला आणि बोल्ड झाला. झाडाखाली येऊन पॅड सोडायला बसला. एक सोडलं, दुसरं तसंच राहिलं. मला म्हणाला, "मामा, मी आउट कसा झालो?" मी सांगितलं. पाण्याचे दोन घोट घेऊन पुन्हा, "मामा, मी आउट कसा झालो?" मला वाटलं चेष्टा करतोय. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी खुर्चीवरून उठलो.

## डब्यातला खरवस

मुका मार हा मराठीतला फार नेमका शब्द आहे. रक्त नाही, खरचटलेलं नाही, बाहेरून पाहणाऱ्याला काहीच दिसत नाही. पण आत मार बसलेला असतो आणि तो दुसऱ्या दिवशी बोलायला लागतो. कन्कशन म्हणजे मेंदूला बसलेला मुका मार. धक्क्यामुळे मेंदूच्या कामात काही काळासाठी आलेला बिघाड, अशी त्याची सरळ व्याख्या करता येईल.

मेंदूचं वजन साधारण १३०० ते १४०० ग्रॅम आणि तो आपल्याला वाटतो त्यापेक्षा खूपच मऊ असतो. स्टीलच्या डब्यात लावलेला खरवस डोळ्यांसमोर आणा. डबा म्हणजे कवटी. खरवस आणि डबा यांच्यामध्ये पाण्यासारख्या द्रवाचा पातळ थर. मेंदू आणि पाठीचा कणा मिळून हा सगळा द्रव जेमतेम १५० मिलिलिटर, म्हणजे कपभर चहाएवढा. आता डबा ओट्यावर आपटा. डब्याला पोचाही येणार नाही, पण झाकण उघडलंत तर आतली वडी कडेने सुटलेली दिसेल. डबा गर्रकन फिरवून एकदम थांबवलात तर आणखी वाईट, कारण डबा थांबला तरी आतला ऐवज थांबत नाही. मेंदूत अशा वेळी चेतापेशींचे लांबलचक तंतू ताणले जातात, पिळले जातात.

"पण हेल्मेट होतं ना?" हा प्रश्न इथेच निकालात निघतो. हेल्मेट डब्याची काळजी घेतं. कवटी फुटणं, आत रक्तस्राव होणं हे प्रकार त्याने पुष्कळ टळतात, म्हणून स्कूटरवर नाक्यापर्यंत जातानाही ते घालायचंच. आतल्या खरवसाचं हलणं मात्र ते पूर्ण थांबवू शकत नाही. डोक्याला थेट काही लागायलाच हवं असंही नाही. कबड्डीत छातीवर जोराची धडक बसून मान झटक्यात मागे गेली, किंवा सिग्नलला उभ्या असलेल्या गाडीला कुणी मागून ठोकलं, तरी तेवढा हिसका पुरतो.

## लाइट गेलीय, घर इन्व्हर्टरवर चाललंय

तंतू ताणले गेल्यावर पेशींत काय होतं ते थोडक्यात सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. चेतापेशी आपल्या आत पोटॅशियम राखून ठेवते आणि सोडियम, कॅल्शियम बहुतांशी बाहेर ठेवते. त्यासाठी तिच्या भिंतीत चोवीस तास चालणारे पंप असतात. हिसका बसला की भिंतीतली दारं भलत्या वेळी उघडतात, पोटॅशियम बाहेर सांडतं, कॅल्शियम आत घुसतं. ते पूर्ववत करायला सगळे पंप एकदम जोरात सुरू होतात आणि भरमसाट ऊर्जा खायला लागतात. नेमक्या त्याच काळात मेंदूचा रक्तपुरवठा थोडा मंदावलेला असतो. मागणी वाढलेली, पुरवठा आटलेला.

लाइट गेल्यावर घर इन्व्हर्टरवर चालतं तसंच हे. पंखा चालतो, दोन दिवे चालतात, फोन चार्ज होतो. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं या घरात लाइट आहे. कुणी गीझर लावला की मात्र सगळं बसतं. कन्कशन झालेला माणूस बोलतो, चालतो, जेवतो. पण त्याला गणिताचा पेपर द्या किंवा लग्नाच्या हॉलमध्ये बँडशेजारी बसवा, की त्याचा इन्व्हर्टर ट्रिप होतो. ही ऊर्जेची टंचाई काही दिवस टिकते, कधी काही आठवडे.

## मग तो पुढचा चेंडू खेळला कसा?

मार बसल्याक्षणी सगळी लक्षणं दिसतीलच असं नाही. काही मिनिटांत दिसतात, काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी. मैदानावरचा जोश, धडधडणारं काळीज, सगळ्यांचे आपल्यावर लागलेले डोळे, यातही बरंच झाकलं जातं. शिवाय बेशुद्ध पडणं ही कन्कशनची अटच नाही. बहुसंख्य वेळा माणूस शुद्धीवरच असतो. आपल्या डोक्यात सिनेमाचं चित्र पक्कं बसलेलं आहे: दांडका बसला, माणूस कोसळला, तोंडावर पाणी मारलं, उठला. त्या चित्राने फार गोंधळ घातलाय.

सगळ्यात बोलकं उदाहरण १७ ऑगस्ट २०१९चं. लॉर्ड्सवर जोफ्रा आर्चरचा बाउन्सर स्टीव्ह स्मिथच्या मानेवर बसला. तो ८० धावांवर होता. आडवा पडला, बाहेर गेला, डॉक्टरांनी तपासण्या केल्या, त्या तो पास झाला आणि पाऊण तासाने परत येऊन ९२पर्यंत पोहोचला. दुसऱ्या दिवशी सकाळी उठला तो डोकेदुखी आणि गुंगी घेऊन. पुन्हा तपासणी झाली, कन्कशन निघालं आणि त्याच्या जागी उतरलेला मार्नस लाबुशेन कसोटीच्या इतिहासातला पहिला कन्कशन सबस्टिट्यूट, म्हणजे कन्कशन झालेल्याचा बदली खेळाडू, ठरला. आयसीसीने अशा बदलीचा नियम त्याच महिन्याच्या १ तारखेपासून लागू केला होता. स्मिथला पुढची लीड्सची कसोटीही सोडावी लागली. जगातले उत्तमोत्तम डॉक्टर शेजारी असताना त्याचं कन्कशन रात्रभर दबा धरून बसू शकतं, तर आपल्या गल्लीतल्या मॅचचं काय घेऊन बसलात!

४ डिसेंबर २०२०ला कॅनबेऱ्यात रवींद्र जडेजाच्या हेल्मेटवर मिचेल स्टार्कचा चेंडू लागला, तेव्हाही तो डाव संपेपर्यंत खेळला होता. त्याच्या जागी आलेल्या युझवेंद्र चहलने तीन बळी घेतले आणि ऑस्ट्रेलियाचे प्रशिक्षक जस्टिन लँगर सामनाधिकाऱ्यांशी हुज्जत घालताना साऱ्या जगाला दिसले. कुणी या नियमाचा गैरफायदा घेतच नसेल असं मी म्हणणार नाही. शंका घ्यायची तर बदली कोण आला यावर घ्या. 'पुढचा चेंडू खेळला' हा पुरावा होत नाही.

## ओळखायचं कसं

मुलं स्वतःहून "मला कन्कशन झालंय" म्हणत नाहीत. ती म्हणतात डोकं जड झालंय, गरगरतंय, मळमळतंय, कसंतरीच होतंय. भाचा म्हणाला, "डोक्यात धुकं आलंय." प्रकाश आणि आवाज सहन होत नाहीत. अक्षरं हलतात. साध्या प्रश्नाचं उत्तर द्यायला नेहमीपेक्षा दोन क्षण जास्त लागतात. आणि एक गोष्ट घरचे हमखास स्वभावावर ढकलतात: चिडचिड, उगाच रडू येणं. ताई तिसऱ्या दिवशी फोनवर म्हणाली, "अरे, कुकरची शिट्टी झाली म्हणून हा माझ्यावर ओरडला." एरवी ते उद्धटपणात गेलं असतं. त्या आठवड्यात ते लक्षण होतं.

बाहेरून पाहणाऱ्याला काय दिसतं? मार बसल्यावर क्षणभर निपचित पडणं, डोकं धरून बसणं, हरवल्यासारखी नजर, उठताना झोक जाणं, भलत्याच जागी फिल्डिंगला जाऊन उभं राहणं.

मैदानावर विचारायचे प्रश्नही ठरलेले आहेत. "तुझं नाव काय, आज वार कोणता" हे फारसे कामाचे नाहीत, कारण हादरा बसलेलं डोकंही स्वतःचं नाव सांगतं. ऑस्ट्रेलियात फुटबॉल खेळाडूंवर अभ्यास करून डेव्हिड मॅडॉक्स यांनी वेगळे प्रश्न काढले, ते आज जगभर वापरतात. आपण कोणत्या मैदानावर आहोत? आत्ता कोणता हाफ चालू आहे? शेवटचा गोल कुणी केला? मागची मॅच कुणाशी होती? ती आपण जिंकलो का? क्रिकेटसाठी हाफच्या जागी डाव आणि गोलच्या जागी विकेट घाला. ताज्या आठवणींची पाटी पुसली गेली आहे का, एवढंच त्यातून पाहायचं असतं. एकही उत्तर चुकलं तर मूल बाहेर. सगळी बरोबर आली तरी वर सांगितलेलं एखादं लक्षण दिसलं, की बाहेरच. त्या दिवशी पुन्हा खेळणं नाही, फायनल असली तरी नाही. शंका आली तरी खेळ थांबवायचा, कारण ती खरी निघण्याची वाट पाहण्यात काही शहाणपण नाही.

## ताबडतोब दवाखान्यात कधी

कन्कशन बहुतेक वेळा आपोआप बरं होतं. भीती असते ती त्याच्या आड लपलेल्या रक्तस्रावाची. डोकेदुखी दर तासाला वाढत चालली, पुन्हा पुन्हा उलट्या झाल्या, आकडी आली, एका डोळ्याची बाहुली मोठी दिसू लागली, जीभ जड झाली, हातपाय लुळे पडले किंवा मुंग्या आल्या, माणूस असंबद्ध बरळू लागला, गुंगी वाढत जाऊन उठवता उठेना, किंवा नाका-कानातून रक्त वा पाण्यासारखं काही आलं, तर यांतलं एक लक्षणही पुरेसं आहे. १०८ला फोन करा किंवा सीटी स्कॅनची सोय असलेलं जवळचं मोठं रुग्णालय गाठा. मान दुखत असेल किंवा माणूस बेशुद्ध असेल तर त्याला उचलून बसवू नका, हेल्मेट ओढून काढू नका, तोंडात पाणी ओतू नका. कांदा हुंगवणं आणि चप्पल नाकाशी धरणं यांचा काडीचा उपयोग नाही. त्यात मिनिटं तेवढी जातात.

तान्ह्या बाळाला तर सांगताच येत नाही. टाळू फुगलेली वाटली, बाळ दूध ओढेना, रडणं काही केल्या थांबेना, तर थांबू नका.

आणि आजी-आजोबा. मोरीत पाय घसरून डोकं आपटलेली आजी "काही नाही गं, जरा टेंगूळ आलंय" म्हणून हळद लावून बसते. टेंगूळ बाहेर आलं म्हणजे आत काही नाही, असा आपल्याकडे एक समज आहे. टेंगूळ ही कवटीवरच्या कातडीची सूज. आत काय चाललंय ते त्यावरून कळत नाही. वयानुसार मेंदू थोडा आक्रसतो, तो आणि कवटी यांच्यामधल्या नसा ताणलेल्या राहतात आणि लहानशा आपटण्यानेही त्यांतून हळूहळू रक्त झिरपू शकतं. दोन-चार आठवड्यांनी आजी विसरायला लागते, चालताना अडखळते, दिवसभर पेंगते आणि घरचे म्हणतात वय झालं. त्यात रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर धोका आणखी वाढलेला समजा आणि त्रास होवो न होवो, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

क्रिकेटच्या गप्पांत दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ होते, तीही इथेच निस्तरतो. १९६२ साली बार्बाडोसला चार्ली ग्रिफिथचा चेंडू भारताचे कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्यावर बसला आणि कवटी फुटली. शस्त्रक्रियेच्या वेळी वेस्ट इंडिजचे कर्णधार फ्रँक वॉरेल यांनी रक्त दिलं. आपल्या चंदू बोर्डे आणि बापू नाडकर्णींनीही दिलं. नोव्हेंबर २०१४मध्ये सिडनीत ऑस्ट्रेलियाच्या फिल ह्यूजच्या मानेवर चेंडू बसून रक्तवाहिनी फाटली आणि दोन दिवसांनी तो गेला. ही कन्कशनं नव्हती. तिथे डबाच फुटला होता किंवा नळी फाटली होती.

## स्कॅन नॉर्मल आहे, मग डोकं का दुखतंय?

भाच्याला उलटी झाली म्हणून स्कॅन केला. तो नॉर्मल आला. तपासणाऱ्या डॉक्टरांनी फिल्म दिव्यासमोर धरली, "काही नाहीये, उद्यापासून शाळेत पाठवा" म्हणाले आणि पुढचा पेशंट बोलावला. ताईने पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले.

सीटी स्कॅनमध्ये दिसतं ते हाड आणि रक्त. हाड मोडलं नाही आणि आत रक्त साचलं नाही, ही आनंदाचीच बातमी. पण बँकेच्या इमारतीचा फोटो काढला तर भिंती दिसतील, काउंटर दिसेल, साहेब खुर्चीत दिसतील. सर्व्हर डाउन आहे की चालू, हे फोटोत कसं दिसणार? कन्कशन हा सर्व्हरचा बिघाड आहे. तो लक्षणं विचारून, तोल तपासून, आठवण आणि एकाग्रता पाहून ओळखावा लागतो. म्हणून 'स्कॅन नॉर्मल' याचा अर्थ 'जीवावरचं टळलं' असा घ्यायचा. 'शाळेत पाठवा' असा तो अर्थ होत नाही. उलट, प्रत्येक आपटलेल्या मुलाचा स्कॅन करा असा हट्ट पालकांनीही धरू नये. त्यात किरणोत्सर्ग असतो, आणि धोक्याची लक्षणं नसतील तर काही तास निरखून पाहणं हाच पुष्कळदा शहाणा उपाय ठरतो.

## झोपू द्यायचं की नाही?

त्या रात्री या प्रश्नावर आमच्या घरात दोन तट पडले. आईचं म्हणणं, डोक्याला लागलेल्याला झोपू द्यायचं नसतं. तपासणी झालेली असेल आणि धोक्याचं काही लक्षण नसेल तर झोपू द्या. टंचाईत सापडलेल्या मेंदूला झोपेइतकं दुसरं औषध नाही. पहिल्या रात्री मोठं माणूस त्याच खोलीत झोपावं आणि डॉक्टरांनी सांगितलं असेल तेवढ्या वेळा हाक मारून पाहावं, बस्स. मी सतरंजी टाकली. भाचा रात्री दीडला उठून म्हणाला, "मामा, तू घोरतोयस." मला इतकं बरं वाटलं!

डोकं दुखलं तर पॅरासिटामॉल चालतं. अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन पहिले एक-दोन दिवस स्वतःच्या मनाने घेऊ नयेत, कारण त्यांनी रक्त गोठण्यात अडथळा येतो. पॅरासिटामॉलही रोज-रोज आठवडेच्या आठवडे चालू राहिलं, तर पुढे गोळीमुळेच डोकं दुखायला लागू शकतं. मोठ्यांनी दारू टाळायची आणि निदान पहिला दिवसभर गाडी चालवायची नाही. गरगरणं थांबलं नसेल तर त्यापुढेही नाही. आपल्याकडे गाडी म्हणजे दुचाकी, आणि तीही खड्ड्यांतून.

## अंधाऱ्या खोलीत किती दिवस?

पूर्वी सल्ला असायचा की अंधार करा, पडून राहा, पुस्तक नको, टीव्ही नको, लक्षणं पूर्ण जाईपर्यंत काही नको. तो आता मागे पडलाय. २०१५ साली अमेरिकेत ११ ते २२ वयाच्या रुग्णांचे दोन गट केले होते. एका गटाला पाच दिवसांची कडक विश्रांती, दुसऱ्याला नेहमीचा सल्ला, म्हणजे एक-दोन दिवस आराम आणि मग हळूहळू कामाला लागा. कडक विश्रांतीवाल्यांनी लक्षणं जास्त सांगितली आणि ती त्यांना जास्त दिवस पुरली. नवल नाही. धडधाकट मुलालाही पाच दिवस अंधारात कोंडलं तर त्याचं डोकं दुखेल.

म्हणून आजचा सल्ला असा: पहिले २४ ते ४८ तास आराम, पण घरातल्या घरात हिंडणं-फिरणं चालू. त्यानंतर रोज थोडं चालणं वाढवायचं. लक्षणं किंचित वाढली तर घाबरायचं नाही. त्यासाठी सोपं माप आहे. त्रासाला दहापैकी मार्क द्या. काही केल्यावर त्रास दोन मार्कांपेक्षा जास्त वाढला, किंवा तासाभरात उतरला नाही, तर आज जरा जास्त झालं, उद्या थोडं कमी. इन्व्हर्टरचा लोड असाच सांभाळतात.

पहिल्या दोन दिवसांत मोबाइल मात्र खरंच बाजूला ठेवावा. २०२१च्या आणखी एका अमेरिकन चाचणीत १२ ते २५ वयाचे १२५ रुग्ण होते. पहिले ४८ तास स्क्रीन बंद ठेवणारे मध्यम मानाने साडेतीन दिवसांत बरे झाले. ज्यांना मुभा होती त्यांना आठ दिवस लागले. आमच्याकडे मोबाइल काढून घेतल्यावर भाच्याने आजोबांकडून रमी शिकून घेतली आणि आजोबांना तीनशे रुपयांना बुडवलं, त्यावरून मेंदू जागेवर येत असल्याचा आजोबांनी निष्कर्ष काढला.

शाळा खेळाच्या आधी सुरू करायची, पण एकदम आठ तासांची नाही. भाचा चौथ्या दिवशी गेला आणि दुसऱ्या तासालाच परत आला. फळ्यावरून वहीत उतरवताना नजर वर-खाली करावी लागते, तिथेच त्याला गरगरायचं. मग वर्गशिक्षिकेशी बोलून अर्धा दिवस ठरवला, फळ्याजवळचा बाक आणि वह्यांच्या झेरॉक्स घेतल्या, घटक चाचणी पुढे ढकलली. टीचर आधी थोड्या साशंक होत्या. पायाला प्लास्टर असतं तर कुणी काही विचारलं नसतं, मुक्या माराला प्लास्टर नसतं ना! ऑफिसात जाणाऱ्यांनाही हेच लागू. पहिला आठवडा अर्धा दिवस, लॅपटॉपचा उजेड कमी, आणि शक्यतो विरार लोकलची गर्दी टाळून.

बहुतेक मोठी माणसं दोन आठवड्यांत सावरतात, मुलांना चार आठवडेही लागू शकतात. त्यापुढे त्रास राहिला तर 'मनाचे खेळ' म्हणून सोडून देऊ नका. कधी तो मानेच्या दुखापतीचा असतो, कधी कानातल्या तोलाच्या यंत्रणेचा, कधी डोळ्यांच्या हालचालींचा, कधी धास्तीचा. प्रत्येकावर वेगळा उपचार आहे. न्यूरॉलॉजिस्ट आणि जाणकार फिजिओथेरपिस्ट यांच्याकडे तेव्हा जायचं.

## आमच्या वेळी असलं काही नव्हतं

होतं, फक्त नाव नव्हतं. १९८३ साली गयानात माल्कम मार्शलचा चेंडू सुनील गावसकरांच्या कपाळावर बसला. डोक्यावर हेल्मेट नव्हतं. ते हलले नाहीत, खेळत राहिले आणि नाबाद १४७ केल्या. ही गोष्ट ऐकतच आमची पिढी मोठी झाली आणि लागलं तरी उभं राहणारा तो मर्द, हे डोक्यात पक्कं झालं. गावसकरांनी पुढे स्वतःसाठी खास टोपीसारखं शिरस्त्राण करून घेतलं, हा गोष्टीचा उत्तरार्ध फारसा कुणी सांगत नाही.

उभं राहण्यात वाईट काय? इन्व्हर्टर अजून उतरलेलाच आहे आणि तेवढ्यात दुसरा दणका बसला, तर बिघाड कितीतरी मोठा होतो आणि सावरायला जास्त काळ लागतो. क्वचित, आणि बहुतेक वेळा कोवळ्या वयात, पहिला हादरा भरून यायच्या आत दुसरा बसला तर मेंदूला झपाट्याने सूज येऊन जीव जाऊ शकतो. लहानपणी दोघांची डोकी आपटली की शिंगं फुटतील म्हणून आम्ही मुद्दाम पुन्हा एकदा आपटून घ्यायचो. ते टिचकीएवढं असायचं म्हणून ठीक.

वारंवार हादरे बसले की काय होतं ते विल पुकोव्स्कीकडे पाहून कळतं. ऑस्ट्रेलियाचा हा गुणी फलंदाज एकच कसोटी खेळला आणि एप्रिल २०२५मध्ये, वयाच्या २७व्या वर्षी, कन्कशनांमुळे निवृत्त झाला. २०२५मध्येच आयसीसीने कन्कशन झालेल्या खेळाडूला किमान सात दिवस बाहेर ठेवण्याचा नियम केला. बदली खेळाडूंची नावंही आता सामन्याआधीच द्यावी लागतात, म्हणजे बटलरच्या तक्रारीलाही उत्तर मिळालं.

## पुन्हा मैदानात

परतीच्या पायऱ्या सहा आहेत आणि प्रत्येक पायरीवर निदान एक अख्खा दिवस काढायचा. रोजची साधी कामं, मग भरभर चालणं किंवा सायकल, मग एकट्याने खेळाचा सराव पण डोक्याला मार बसण्याची शक्यता नको, म्हणजे धावणं आणि शॅडो बॅटिंग. चौथ्या पायरीवर इतरांबरोबर जोमाने सराव, पण कुणाशी धडक होईल किंवा डोक्यावर चेंडू येईल असं काही नाही. ती चढण्याआधी सगळी लक्षणं गेलेली हवीत, श्रम केल्यावरही ती उगवता कामा नयेत, आणि डॉक्टरांचा होकार हवा. पाचवीवर नेहमीचा पूर्ण सराव, मग सामना. चौथ्या पायरीपासून पुढे लक्षणं परतली तर पुन्हा तिसरीवर.

भाच्याला तिसऱ्या पायरीवर दोनदा यावं लागलं. कोच म्हणत होते, पोरगा पळतोय ना, खेळवूया. ताईने डॉक्टरांची चिठ्ठी मागितली आणि ती येईपर्यंत त्याला स्कोअर लिहायला बसवलं. सव्विसाव्या दिवशी तो मॅचमध्ये उतरला, ११ धावा काढल्या आणि आउट कसा झाला ते त्याने मला न विचारता सांगितलं.

हेल्मेट नवं घेतलं. एकदा जोराचा मार खाल्लेलं हेल्मेट वरून धड दिसलं तरी आतला फोम दबलेला असतो, त्याचा पुन्हा भरवसा नसतो. ताई जुनं धुऊन-पुसून माळ्यावर ठेवायला निघाली होती, "धाकट्याला होईल पुढे." मी ते काढून घेतलं, हातोडीने त्याची जाळी वाकवली आणि मगच भंगारवाल्याला दिलं. नाहीतर त्याच्या गाडीवरून ते आणखी कुणाच्या तरी डोक्यावर गेलं असतं.